आधी हजेरीपट, मग तारीख

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात औष्णिक वीज केंद्राच्या दारातून रोज आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराकडे गेटपास असतो. त्यावर त्याचं नाव, कंत्राटदाराचं नाव आणि मुदत. कंत्राट संपलं की पास संपतो. नवा कंत्राटदार आला की नवा पास निघतो, आणि पंधरा-वीस वर्षं त्याच कोळसा हाताळणी विभागात खपलेला माणूस कागदावर पुन्हा पहिल्या दिवसाचा कामगार होतो. देशानेही स्वतःला एक मुदत घालून घेतली आहे, २०७०. ग्लासगोच्या हवामान परिषदेत १ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी ती जाहीर केली. त्या वर्षापर्यंत भारत जेवढा कार्बन हवेत सोडेल तेवढाच शोषून घेईल. कमी उत्सर्जनाच्या अर्थव्यवस्थेवरच्या आपल्याकडच्या तज्ज्ञचर्चा या दुसऱ्या मुदतीभोवती फिरतात. पहिलीचा विषय निघतो तो शेवटच्या सत्रात, ‘सामाजिक बाजू’ या नावाखाली, जेवणाची वेळ झालेली असताना.

माझं म्हणणं थोडक्यात असं. तारीख ठरवण्याआधी माणसं मोजायला हवीत, नावानिशी. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही, त्याला भरपाई, प्रशिक्षण किंवा दुसरी नोकरी द्यायची सरकारची मनापासून इच्छा असली तरी देता येत नाही. आणि हे मोजण्याचं काम कसं करायचं याचं ज्ञान महाराष्ट्राकडे पन्नास वर्षांहून जुनं आहे.

तज्ज्ञांनी काम केलेलं नाही असं मुळीच नाही. नियोजन आयोगाने २०१० मध्ये डॉ. किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञगट नेमला होता. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे हे संस्थापक संचालक. त्या गटाच्या नावातच ‘समावेशक विकासासाठी कमी कार्बनची धोरणं’ असे शब्द होते. एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या अंतिम अहवालाने दोन वाटा मांडल्या. नेहमीच्या वाटेने गेलो तर २०३० मध्ये दरडोई उत्सर्जन ३.६ टन, कमी कार्बनच्या वाटेने गेलो तर २.६ टन, आणि या दुसऱ्या वाटेचा वीस वर्षांतला जादा खर्च सुमारे ८३४ अब्ज डॉलर. हा हिशेब त्या काळात मांडायला अभ्यासाबरोबर धैर्यही लागलं असणार. नंतर ऑगस्ट २०२२ मध्ये देशाने आपली उद्दिष्टं सुधारून संयुक्त राष्ट्रांना कळवली, त्याच नोव्हेंबरात दीर्घकालीन आराखडा सादर केला. जून २०२५ अखेर वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला बिगर-जीवाश्म, म्हणजे सूर्य, वारा, पाणी, अणू यांचा, वाटा ५० टक्क्यांच्या पुढे गेला. हे उद्दिष्ट २०३० सालचं होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं.

पण स्थापित क्षमता आणि तयार होणारी वीज यांत फरक असतो. सूर्य मावळतो, कोळसा रात्रभर जळतो. आजही देशात तयार होणाऱ्या विजेचा सुमारे सत्तर टक्के भाग कोळशातून येतो, आणि २०२४-२५ मध्ये आपलं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच एक अब्ज टनांच्या पुढे गेलं. ही विसंगती दाखवून कुणी भारताला खोटं ठरवत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही. आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून आपली शहरं उजळली त्यांनी मेळघाटातल्या घरातला दिवा मोजू नये. तज्ज्ञ हे परदेशात ठामपणे मांडतात, मांडायलाच हवं. न्यायाचा हाच युक्तिवाद देशाच्या सीमेच्या आत आला की पातळ होतो, माझी तक्रार तिथून सुरू होते. जगाने भारताला विचारल्याशिवाय ठरवू नये, तर भारतानेही विदर्भाच्या कोळसापट्ट्यातल्या घुग्घुस, वणी, राजुऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नये.

आकड्यांतच बोलू. कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीच्या कायम कामगारांची संख्या आज सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती पाच लाखांच्या घरात होती. याच काळात कंपनीचं उत्पादन तीस कोटी टनांवरून दुपटीच्याही पुढे गेलं, २०२३-२४ मध्ये ७७ कोटी टनांवर. यंत्रं मोठी झाली, भूमिगत खाणींऐवजी उघड्या खाणी आल्या, हे खरं. पण माती उपसणं, कोळसा वाहणं, रस्त्यावर पाणी मारणं ही कामं उरलीच, आणि ती कंत्राटावर गेली. म्हणजे कोळशावर जगणाऱ्यांपैकी ज्यांचं नाव कंपनीच्या पगारपत्रकावर आहे त्यांचा हिस्सा वर्षागणिक आक्रसतो आहे. तज्ज्ञांच्या तक्त्यात ‘थेट रोजगार’ असा जो रकाना असतो त्यात पगारपत्रकावरचे येतात. बाकीचे ‘अप्रत्यक्ष’ या एका शब्दात बसवले जातात, त्यापुढे अंदाजे गुणक लावला जातो. गुणकाला घरचा पत्ता नसतो.

खाण बंद करण्याचे नियम पाहा. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. खाण चालू असतानाच बंद करण्याच्या खर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात साठवायचे, ही कल्पना चांगली होती. पण ती रक्कम ठरली कशावर? जमिनीच्या क्षेत्रावर. उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख, भूमिगत खाणीला हेक्टरी एक लाख. खड्डा भरणं, झाडं लावणं, कुंपण घालणं यांचा हिशेब हेक्टरात होतो, ते योग्यच. कामगाराचा हिशेब हेक्टरात कसा करणार? २०२५ च्या सुधारित तत्त्वांत स्थानिक समाजाच्या उपजीविकेला अखेर जागा मिळाली आहे. सोळा वर्षं लागली, तरी मिळाली. आता ती तरतूद नेमक्या कुणासाठी खर्च करायची, हा प्रश्न उभा राहील तेव्हा पुन्हा वही उघडावी लागेल, आणि वही कोरी असेल.

‘कोळसा अजून वाढतोच आहे, बंद व्हायला तीस-चाळीस वर्षं आहेत, आतापासून कशाला?’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे, प्रामाणिक माणसांकडूनही. देशाचा कोळसा वाढतो तेव्हा गावातला कोळसा संपत असतो, हे त्या उत्तरात दिसत नाही. खाण आपल्या साठ्याप्रमाणे मरते, वीजनिर्मितीचा संच आपल्या वयाप्रमाणे. चंद्रपूर केंद्राचे पहिले दोन २१० मेगावॉटचे संच १९८३ आणि १९८४ मध्ये सुरू झाले होते, ते निवृत्त झाले. नवे पाचशेचे दोन आले म्हणून शहराला ते फारसं जाणवलं नाही. भुसावळात, कोराडीत, परळीत जुने संच गेले. वेकोलिच्या, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या उपकंपनीच्या, भूमिगत खाणी एकेक करून मिटल्या. यातल्या एकाही बंद होण्यामागे २०७० नव्हतं.

परळीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पूर्ण थांबलं. कोळसा होता, यंत्रं होती. खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं. वीज केंद्र कोळशाविना चालत नाही तसं पाण्याविनाही चालत नाही, आणि मराठवाड्यात दुष्काळ होता. दोन वर्षांनी पुन्हा तेच. म्हणजे हवामानबदलाच्या चर्चेत ज्याला भविष्यातला धोका म्हणतात तो बीड जिल्ह्यात येऊन, केंद्राला कुलूप लावून गेला. कायम नोकरीतल्यांना पगार मिळत राहिला, काहींना दुसऱ्या केंद्रांवर धाडलं. कंत्राटी कामगाराला काम थांबलं की पगार थांबतो, त्यासाठी वेगळा आदेशही काढावा लागत नाही. त्या केंद्राभोवती राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्या, राख वाहणारे ट्रक, ट्रक धुणारी पोरं, दोन पाळ्यांच्या मधल्या चहाच्या टपऱ्या असं एक पूर्ण जग आहे. चंद्रपूर जिल्ह्यात याच राखेवर सिमेंटचाही मोठा भाग चालतो. ऊर्जा संक्रमणाच्या, म्हणजे कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्याच्या, किती अहवालांत राख हा शब्द प्रदूषणाच्या प्रकरणाबाहेर येतो? राख हा तिथे कच्चा माल आहे, धंदा आहे, भांडणाचं मूळ आहे. चूल विझली की राखही संपते, हे राखेवर जगणाऱ्याला कुणी वेळेवर सांगायला हवं.

आणि परळी ज्या जिल्ह्यात आहे तो ऊसतोडीला जाणाऱ्यांचा जिल्हा. वीज केंद्रावरचं काम गेलं तर पुढचा पर्याय काय, हे तिथल्या माणसाला प्रशिक्षण केंद्राने सांगावं लागत नाही. उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीवर टाकायचं.

अर्थव्यवस्थेचं संक्रमण आपण यापूर्वी एकदा पाहिलेलं आहे, आपल्या राजधानीत, आणि त्याची आठवण या चर्चांत कुणी काढत नाही याचं मला दुःख होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. गिरण्या आधीपासूनच खंगत होत्या, यंत्रमागाकडे कापड चाललं होतं, शहर कारखान्यांकडून सेवांकडे वळत होतं. म्हणजे आजच्या भाषेत ते क्षेत्रीय संक्रमणच. तज्ज्ञांचा गटही नेमला गेला होता. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांच्या जमिनींचं काय करावं याचा अभ्यास झाला. १९९१ च्या नियमानुसार जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. कोरियांच्या गटाने या जमिनींचं एकत्र नियोजन करायला सांगितलं. तो अहवाल बाजूला राहिला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्या बदलावर शिक्कामोर्तब केलं. परळ-लोअर परळच्या त्या जमिनींवर आज काय उभं आहे ते सांगायला नको.

मला इथे जमिनीपेक्षा वहीबद्दल बोलायचं आहे. गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरली तेव्हा पात्रता अशी ठरली की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत नोकरीला असल्याचा पुरावा हवा. दीड लाखांहून अधिक अर्ज आले. पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संपाला तीस वर्षं झाल्यावर. त्या तीस वर्षांत माणूस कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात गावी परतला होता, कित्येक जण वारले होते. त्यांच्या बायकामुलांनी ट्रंका उपसून काय शोधलं असेल? गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, हजेरीचा एखादा कागद. बदली कामगारांची स्थिती आणखी कठीण, कारण बदलीवाला रोज दारात उभा राहायचा आणि कुणी गैरहजर असेल तर आत जायचा. त्याचं आयुष्य दुसऱ्याच्या गैरहजेरीत नोंदलेलं. खानावळी चालवणाऱ्या बायका तर कुठल्याच वहीत नव्हत्या. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं आणि बँकेच्या दारापर्यंत नेलं. सरकारच्या कोणत्याही तक्त्यात त्या गिरणी उद्योगाचा भाग नव्हत्या. संपात त्यांची उधारी बुडाली तेव्हा मात्र त्या त्याच उद्योगाच्या होत्या.

ऊर्जानगरातला गेटपासवाला आजचा बदली कामगार आहे. शेजारच्या दुर्गापूरच्या नाक्यावरची पोहे विकणारी बाई आजची खानावळवाली आहे. २०५५ मध्ये त्यांच्या नातवंडांना ट्रंका उपसायला लावायच्या का, एवढा साधा प्रश्न आहे.

परदेशांकडे पाहायचंच तर तिथेही हाच धडा सापडतो. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी हे १९६१ सालचं कोळसा वीज केंद्र ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी शेवटचा संच थांबवून बंद झालं. जगाला दाखवण्यासारखं उदाहरण व्हावं म्हणून जागतिक बँकेने जवळपास ५० कोटी डॉलरचं अर्थसाहाय्य मंजूर केलं. सौर पॅनेल, बॅटरी, प्रशिक्षण केंद्र, सगळं कागदावर नीट होतं. वीज कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांची दुसऱ्या केंद्रांवर बदली झाली. कंत्राटदारांच्या माणसांची कंत्राटं संपली. स्थानिकांशी बोलणं आणि पर्यायी कामाची तयारी उशिरा सुरू झाली, हे त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगाने नंतर स्वतःच नोंदवलं. पैसा होता, तज्ज्ञ होते, सद्भावही होता. क्रम उलटा होता.

जर्मनीने २०१८ मध्ये २८ सदस्यांचा कोळसा आयोग नेमला. त्यात शास्त्रज्ञांच्या बरोबरीने कामगार संघटना, उद्योग, पर्यावरणवादी आणि खाणपट्ट्यातले रहिवासी बसले. सात-आठ महिन्यांत त्यांनी २०३८ ही शेवटची तारीख सुचवली, आणि तारखेबरोबरच त्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरो. जर्मनीच्या तपकिरी कोळशाच्या उद्योगात तेव्हा वीसेक हजार माणसं होती. एवढ्या थोड्या माणसांसाठी एवढा पैसा आपण देऊ शकणार नाही, त्यामुळे ते उदाहरण जसंच्या तसं उचलण्यात अर्थ नाही. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. प्रत्येक कामगाराचं वय त्यांना माहीत होतं, म्हणून ५८ वर्षांवरच्यांना निवृत्तीपर्यंत भत्ता देण्याचा निर्णय घेता आला. तो कितीला पडेल हेही आधी सांगता आलं. यादी असली की धोरण स्वस्त होतं.

आता उलट बाजू. जे नवं येतं आहे तेही आपोआप न्याय्य नसतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं, आणि त्यात महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे. हे इंधन कमी उत्सर्जनाचं म्हणून गणलं जातं. त्यासाठी ऊस तोडणारं जोडपं मात्र मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ असतं. नवरा-बायको मिळून एक. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण वहीत ती स्वतंत्र माणूस म्हणून येत नाही. उद्या कापणीयंत्रं सगळीकडे आली तर अर्ध्या कोयत्याला कोण काय देणार?

सौर प्रकल्पांचंही तसंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा मी समर्थक आहे. रात्री दोन वाजता बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं ही मोठी गोष्ट आहे. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, हा व्यवहारही चांगला. पण प्रकल्प गायरानावर उभा राहतो तेव्हा भाड्याचा मानकरी कोण? त्या गायरानावर कुणाच्या शेळ्या चरतात, कुणी दोन पिढ्या ज्वारी पेरली आहे, हे सातबाऱ्यावर नसतं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनींसाठी. ज्या दलित आणि भटक्या कुटुंबांची गायरानावरची वहिवाट आजही नोंदीविना आहे, त्यांच्यासाठी सौर पॅनेल हे कुंपण होऊन येतं. तिथेही औषध तेच: कुंपणाआधी नोंद.

म्हणून माझा प्रस्ताव सरळ आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि अन्य श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. मार्केट यार्डात, गोदामात, धक्क्यावर पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाचा मालक रोज बदलतो, मग त्याला भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस कोण देणार, हा प्रश्न तेव्हाही असाच सुटत नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या चळवळीतून जे उत्तर निघालं ते असं की नोंदणी मालकाकडे करायचीच नाही, मंडळाकडे करायची. कामगारही मंडळाकडे नोंदलेला, मालकही. मालक मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही, म्हणजे जादा रक्कम, मंडळाकडे भरतो, मंडळ ती कामगाराला देतं. मालक बदलला तरी माणूस वहीत तोच राहतो. कंत्राटदार बदलला की नवखा ठरणाऱ्या गेटपासवाल्याला यापेक्षा नेमकं उत्तर कुठल्याही परदेशी अहवालात मी वाचलेलं नाही. कोळसा आणि वीज पट्ट्यासाठी असं मंडळ हवं: चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, भुसावळ, परळी. त्यात खाणीतले, केंद्रातले, राखेवरचे, कोळसा वाहतुकीतले आणि दारापुढच्या टपऱ्यांवरचे सगळे.

नोंद करायला साधन नाही असं म्हणता येणार नाही. कंत्राटदाराने कामगारांची नोंदवही ठेवावी, मूळ मालकाने कंत्राटदारांची ठेवावी, हे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगत आला, आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेत मिसळला तरी नोंदीचं कर्तव्य कुणावर ना कुणावर राहणारच आहे. भविष्यनिर्वाह निधीचा एकच कायमचा क्रमांक २०१४ पासून मिळतो. गेटपासच्या नोंदी संगणकात आहेत. हे धागे एकत्र बांधायचे, आणि ज्यांचा एकही धागा सापडत नाही त्यांच्यासाठी सोबत काम केलेल्या दोघांची साक्ष ग्राह्य धरायची.

पैशाचा हिशेब करून पाहू. चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. वर्षभर सरासरी साठ टक्के क्षमतेने ते चाललं असं धरलं तर सुमारे दीड हजार कोटी युनिट वीज होते. प्रत्येक युनिटमागे एक पैसा मंडळाला द्यायचा ठरला तर एका केंद्रातून वर्षाला पंधरा कोटी रुपये जमतात. केंद्र आणखी पंधरा वर्षं चाललं तर व्याज न धरता सव्वादोनशे कोटी. ग्राहकाला महिन्याला शंभर युनिटमागे एक रुपया. खाणींनी बाधित भागासाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी २०१५ पासून जमा होतो आहे, आरोग्य, पाणी, शिक्षण, कौशल्य यांवर तो खर्च व्हावा असं नियमच सांगतात, त्यातला ठरावीक वाटा या मंडळाकडे यायला हरकत नसावी. आणि कोळशावरचा उपकर? २०१० मध्ये टनाला ५० रुपयांनी सुरू झाला, २०१६ पर्यंत ४०० झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून घेतला, २०१७ नंतर जीएसटीच्या भरपाईत वळवला, २०२५ मध्ये करात विरून गेला. एवढी वर्षं कोळशाच्या प्रत्येक टनावर पैसा गोळा झाला आणि कोळसापट्ट्यातल्या माणसाच्या नावाने त्यातून एकही कायमचा निधी उभा राहिला नाही. ही चूक दुसऱ्यांदा होऊ देता कामा नये.

माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्या झाल्या, हे मला माहीत आहे. उद्योजक त्याबद्दल तक्रार करतात आणि ती खोटी नाही. नोंदणी म्हटलं की बोगस नावं येतील, स्थानिक पुढारी आपली माणसं घुसवतील, कंत्राटदार खरी संख्या लपवतील. यातलं सगळं होईल. पण यादी नसताना हे होत नाही असं थोडंच आहे? यादी नसली की फक्त पुढाऱ्याच्या ओळखीचा माणूस दिसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर केंद्राच्या चिमणीवर काही प्रकल्पग्रस्त चढून बसले होते, जमीन दिली त्याच्या बदल्यात कायम नोकरी द्या म्हणून. आपलं नाव कुठल्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे हे ज्याला दारावरच वाचता येतं, त्याला चिमणी चढायची वेळ येऊ नये.

भाषेचंही यातच सांगायला हवं. मे २०२३ मध्ये कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. अशा सुनावणीआधी पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, तेवढी तरतूद आहे. नवा संच उभा करताना लोकांना निदान बोलावलं जातं, मराठीत कागद दिला जातो. जुना संच बंद करताना अशी सुनावणी घेण्याचं बंधन कुठेच नाही. बंद करण्याचा निर्णय हा तांत्रिक आणि आर्थिक समजला जातो, संचाच्या कार्यक्षमतेचा आणि कोळशाच्या दराचा. तज्ज्ञांनी आपल्या पुढच्या अहवालात एकच शिफारस करायची असेल तर ती ही करावी: उघडताना जशी जनसुनावणी तशी मिटतानाही, तिच्या आधी कामगारांची यादी, आणि दोन्ही मराठीत. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा तो सर्व अनुसूचित भाषांत भाषांतरित करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. कामगाराच्या यादीसाठी कुणाला न्यायालयात जावं लागू नये.

‘न्याय्य संक्रमण’ हा शब्द मला आवडतो, पण ऊर्जानगरात तो कुणी बोलत नाही. तिथे लोक विचारतात, ‘केंद्र बंद झालं तर आमचं काय?’ ‘आमचं’ म्हणजे कोण कोण, हे लिहून काढणं हाच या शब्दाचा मराठी अर्थ आहे असं मी समजतो.

चंद्रपूर केंद्राचे तिसरा आणि चौथा हे २१० मेगावॉटचे संच १९८५-८६ सालचे आहेत. चाळीस वर्षं झाली. त्यांचं पुढे काय करायचं हे ठरवायला फार दिवस उरलेले नाहीत. आपल्याकडे सातबाऱ्याच्या नोंदी गावासमोर वाचून दाखवायची चावडीवाचनाची पद्धत आहे. चूक असली तर माणूस जागेवर उठून सांगतो. त्या दोन संचांवर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, किती वर्षं, कोणकोणत्या कंत्राटदाराकडे, एवढं लिहून दुर्गापुरात आणि ऊर्जानगरात ते मोठ्याने वाचलं जावं, हरकतींना महिनाभर मुदत द्यावी, आणि मग संच कधी थांबवायचे याची बैठक बोलवावी.